मदत हवी आहे: आंबा घाटात चढावर ट्रकला ओव्हरटेक कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांना घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचंय, जाता-येता आंबा घाट. गाडी १२०० सीसी पेट्रोल, मॅन्युअल. पाच माणसं आणि डिकी गच्च. शहरात आणि सपाट हायवेवर मी रोज चालवते. काळजी आहे ती परतताना साखरप्यानंतरच्या चढाची.

समजा, लोड ट्रक ताशी २० ने चढतोय आणि मी ४० ने पुढे काढतेय. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून नऊ सेकंद तरी लागणार. तेवढ्यात मी १०० मीटर जाते, समोरची गाडी ४० ने आली तर तीही १०० मीटर येते. म्हणजे किमान २०० मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा, आणि घाटात तेवढा दिसतो कुठे! मागचे हॉर्न वाजवत राहिले तरी वळणावर मी बाहेर काढणार नाही, हे नक्की.

नेहमी घाट करणाऱ्यांनी सांगा: गिअर आधीच दुसरा टाकून निघायचं का? एसी बंद केल्याने खरंच फरक पडतो का? ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो "जा" म्हणतोय की स्वतःच उजवीकडे येतोय, हे कशावरून ओळखता? आणि अर्ध्यात समोरून एसटी दिसली, तर ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे यायचं ना?