बाड गास्टाइन (ऑस्ट्रिया): आई-बाबांना घेऊन नेमकं कुठे उतरावं?

नीरा_म्युनिक:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे येताहेत. आईचं माहेर संगमेश्वरचं, राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडाबद्दल ती अजूनही भरभरून बोलते. म्हणून तिला गरम झऱ्यांच्या गास्टाइन खोऱ्यात न्यायचं ठरवलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपीची गोळी चालू आहे. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. गाडी नाही, ट्रेननेच जाणार. साइटवरचे फोटो सगळेच सुंदर! बाड गास्टाइनमध्ये धबधब्याजवळ राहावं, स्टेशनजवळ, की त्याच खोऱ्यातल्या बाड होफगास्टाइन गावी, काही केल्या ठरेना. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

घाटवाट:
नीरा, हॉटेलचे स्टार नंतर बघा. आधी ते चढावर कुठल्या पातळीला आहे ते बघा. बाड गास्टाइनमध्ये सगळं त्यावर अवलंबून आहे.

गाव साधारण १००० मीटर उंचीवर, घळीच्या दोन्ही अंगांना चिकटून वसलेलं. मधोमध ३४१ मीटरचा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. नकाशात स्टेशन आणि धबधबा शेजारी-शेजारी दिसतात, पण स्टेशन वर, जुनं गाव खाली आणि मधे उभा उतार नि पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं. काकूंना दिवसातून दोनदा ते करायला लावू नका.

माझं मत स्पष्ट आहे: स्टेशनच्या पातळीवरच राहा. फेल्सेनथेर्म हे सार्वजनिक स्नानगृह स्टेशनच्या समोरच आहे. तिथला आतला तलाव कातळात कोरलाय, खडबडीत भिंत थेट पाण्यातून वर जाते. काकूंना ते नक्की आवडेल. श्टुब्नरकोगेल डोंगराचा रोपवेही स्टेशनला लागूनच. वर १४० मीटरचा झुलता पूल आहे, मुलगा खूश होईल. आणि शेजारच्या ब्योकश्टाइन गावाकडे जाणारी, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथच्या नावाची नदीकाठची वाट बरीचशी सपाट आहे, बाबांच्या सकाळच्या फेरीला उत्तम.

बुकिंग करण्याआधी एक मेल जरूर टाका. "लिफ्ट आहे का?" एवढंच विचारू नका, "रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या?" असं विचारा. उतारावरच्या इमारतींत दार एका मजल्यावर, नाश्त्याची खोली भलत्याच मजल्यावर असते. मी गेलो तेव्हा एका 'पेन्शन'च्या (छोट्या घरगुती हॉटेलच्या) जाहिरातीत लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी सामान उचलून जिना चढावा लागला.

रुळांकडे तोंड असलेली खोली मात्र घेऊ नका. हा आल्प्स ओलांडणारा मुख्य रेल्वेमार्ग आहे, रात्रीही मालगाड्या जातात.

सायली_व्हिएन्ना:
घाटवाट यांचं पातळीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण त्याच कारणासाठी मी बाड होफगास्टाइन सांगेन. तिथे खोरं रुंद होतं, गाव सपाट आहे, मधला भाग पायी फिरण्याचा. बाकं, बेकरी, औषधाचं दुकान सगळं हाताशी. आई-बाबा तुमच्याशिवायही संध्याकाळी एक चक्कर मारून येऊ शकतील, आणि परदेशात आलेल्या ज्येष्ठांना ही मोकळीक फार मोलाची असते. तिथलं आल्पेनथेर्म हे स्नानगृह मोठं आहे, मुलांसाठी वेगळा भाग आहे.

अडचण एकच. होफगास्टाइनचं स्टेशन गावापासून लांब, नदीपलीकडे आहे. सामान घेऊन चालत जायचा विचारही करू नका, बस किंवा हॉटेलची गाडी आधी ठरवून ठेवा. एरवी खोऱ्यातली बस दोन्ही गावांना जोडते. नोंदणी झाल्यावर यजमान गास्टाइन कार्ड (पाहुण्यांचं कार्ड) देतात, ते मागून घ्या आणि बसप्रवास मुक्कामातच धरलाय का तेही विचारा.

केतकी७:
धबधब्याजवळ राहिले आहे म्हणून लिहिते. श्ट्राउबिंगर चौक हा गावाचा जुना मानाचा भाग. ऑस्ट्रिया आणि प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) यांचा १८६५ चा गास्टाइन करार तिथेच झाला. मधली कित्येक वर्षं तिथल्या इमारती ओस पडल्या होत्या, २०२३ मध्ये जुनी हॉटेलं दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. बघायला जरूर जा, पण राहायला नको. दर चढे, आणि पाण्याचा आवाज रात्रभर. मला तो आवडला, माझ्या सासूबाईंना डोळ्याला डोळा लागला नाही. खिडक्या बंद केल्या तरी घुमतच राहतो.

डॉ_मेतकूट:
मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. राहण्याबद्दल नाही, पाण्याबद्दल लिहितो, कारण बाबांच्या बीपीचा उल्लेख आहे.

ब्योकश्टाइनला 'हाइलश्टोलन' नावाचा बोगदा आहे. १९४० च्या दशकात सोन्याच्या शोधात तो खोदताना कामगारांची सांधेदुखी कमी झाल्याचं लक्षात आलं, तिथून उपचार सुरू झाले. छोट्या रेल्वेने डोंगराच्या पोटात नेतात. आत तापमान ३७ ते ४१.५ अंश, दमट हवा आणि रेडॉन. रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, त्यामुळे "आलोच आहोत तर बघू" म्हणून जायची ही जागा नाही. आत सोडण्याआधी तिथले डॉक्टर तपासतात. हॉटेलच्या पॅकेजमध्ये हे उपचार जोडलेले दिसले, तर घाईने पैसे भरू नका. आधी साताऱ्याच्या डॉक्टरांशी बोला.

साध्या तलावात डुंबायलाही आई-बाबांनी त्यांना विचारून घ्यावं. बसलेच तर पंधरा-वीस मिनिटं बसून बाहेर यावं, पाणी प्यावं, आडवं व्हावं. गरम पाण्यातून झटकन उठलं की बीपीच्या गोळीवरच्या माणसाला चक्कर येऊ शकते. कुणीतरी हाताशी असू द्या. हॉटेलचाच तलाव असेल तर सोपं जातं, खोलीत येऊन लगेच पडता येतं.

सायली_व्हिएन्ना:
डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. आणखी एक, नीरा. ऑस्ट्रियात तलावात पोहण्याचे कपडे लागतात, पण सौनाच्या (घाम काढायच्या गरम खोल्यांच्या) भागात कपडे घालायचे नसतात, आणि स्त्री-पुरुष बहुधा एकत्र असतात. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. तिकीटही फक्त तलावांचं वेगळं मिळतं, तेच घ्या.

घाटवाट:
जेवणाचं राहिलंच. हॉटेलवाले 'हाल्बपेन्झिओन' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण देतात. इतरांसाठी ते फायद्याचं, पण अंडं चालत नसेल तर घेऊ नका. चीजचे श्पेत्सले (छोटे नूडल्स) शाकाहारी म्हणून वाढतात, पण पिठात अंडं असतं. क्नोडेलमध्येही (उकडलेल्या गोळ्यांमध्ये) बहुधा असतं. भाज्यांचं सूप अनेकदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. तुम्हाला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच हवं. कुकर आणि मसाल्याचा डबा म्युनिकहून न्या. दर बघताना शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी पर्यटक-कर धरलाय का ते तपासा, बऱ्याचदा ते वेगळे असतात.

इतिहासवेडा_बेळगाव:
राहण्याबद्दल काही सांगू शकत नाही, पण बाबांना हे जरूर सांगा: सुभाषबाबू १९३६ मध्ये प्रकृतीसाठी बाड गास्टाइनला राहिले होते. डिसेंबर १९३७ मध्ये पुन्हा आले आणि आपलं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र त्यांनी तिथेच लिहिलं. त्यांच्या सहचारिणी एमिली शेंक्लही तेव्हा सोबत होत्या. पुढच्याच वर्षी ते हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. माझ्या वडिलांच्या पिढीला हे ऐकून त्या गावाबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटेल.

नीरा_म्युनिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा नेताजींचं ऐकून इतके उत्साहात आलेत की आता बाड गास्टाइनच ठरलं! स्टेशनच्या पातळीवर, रुळांच्या विरुद्ध बाजूला, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बघतेय. दोघांना मेल केली. एकाने रस्त्यापासून एकही पायरी नाही असं फोटोसकट कळवलं, त्यालाच होकार देतेय. होफगास्टाइनला मुलासाठी बसने एक दिवस जाऊन येऊ. एक शेवटचं: आम्ही रविवारी पोचतोय, दूध-भाजी मिळेल ना?

सायली_व्हिएन्ना:
रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तुमच्याकडे जर्मनीचं मासिक तिकीट (डॉइचलांडटिकेट) असेल तर ते साल्झबुर्गपर्यंत रिजनल गाड्यांत चालतं, तेव्हा तिथेच गाडी बदला. मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं, दूध, दही, बटाटे तिथून घ्या. पुढे दीडेक तासाचा प्रवास आहे. आई-बाबांसाठी सीट आरक्षित करा.