हाउ टू बी बोथ: जॉर्जपासून सुरुवात करून बघा

ॲली स्मिथची 'हाउ टू बी बोथ' ही कादंबरी सुरुवातीच्या तुटक, वळणं घेत उतरणाऱ्या ओळींपाशीच सोडून दिली, असं एका वाचकाने लिहिलंय. म्हणजे त्यांना चित्रकाराचा भाग आधी असलेली प्रत मिळाली. २०१४ साली ही कादंबरी दोन क्रमांनी छापली गेली: काही प्रतींत आधी आजच्या काळातली जॉर्ज नावाची मुलगी, काहींत आधी पंधराव्या शतकातला चित्रकार फ्रान्चेस्को देल कोस्सा. दोन्ही भागांचं शीर्षक 'वन' (म्हणजे 'एक') असंच. तेव्हा तुम्हालाही तशीच प्रत मिळाली तर खुशाल मधून उघडा, आई गेलेल्या जॉर्जपासून वाचा.

कोस्सा खराखुरा माणूस. इटलीतल्या फेराराच्या स्किफानोइया महालातली मार्च, एप्रिल, मे महिन्यांची भित्तिचित्रं त्याची. १४७० मध्ये त्याने तिथला सत्ताधीश ड्यूक बोर्सो याला पत्र लिहून वाढीव मोबदला मागितला. सामान्य कारागिरांच्या पंगतीत बसवल्याचं दुःख त्यात आहे. पैसे वाढले नाहीत, तो बोलोन्याला निघून गेला. पण त्या भिंती कोणाच्या, हे पुढे कळलं ते याच पत्रामुळे! स्मिथ त्याच्याबद्दलच्या माहितीतल्या या फटीत शिरते आणि कोस्साला पुरुषवेशात वावरणारी स्त्री करते. मला हे अतिशय धाडसी आणि पटणारं वाटलं.

रचनाही भित्तिचित्रासारखीच आहे. गिलाव्याखाली आधीचं रेखाटन असतं, वरून दिसत नाही, तरी असतंच. एक भाग वाचताना दुसरा तसाच खाली राहतो. प्रयोग दिखाऊ नाही, विषयातून आलेला आहे.

वाचताना एप्रिलचं चित्र समोर उघडून ठेवा, फार फरक पडतो.