अनुभव धागा: सेट-टॉप बॉक्स लावला की टीव्हीवरची माणसं जाडी का दिसतात?

ठाणे-नवी मुंबईतल्या जाणकारांनो, केबल असो वा डीटीएच, चित्र ताणलेलं, चेपलेलं, कडेला कापलेलं किंवा चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेलं दिसलं तर काय तपासायचं ते इथे लिहा. बॉक्स एसडी (साध्या चित्राचा) की एचडी (जास्त बारकाव्याच्या चित्राचा), वायर कुठली, टीव्ही किती इंची, हे आवर्जून सांगा. 'केबलवाल्याला फोन करा' हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, ते नको.

पाचपाखाडी
सेटिंगला हात लावण्याआधी बॉक्सच्या रिमोटने बॉक्सचा मेनू उघडा. मेनूही कडेला कापला जात असेल तर गडबड टीव्हीची. मेनू नीट आणि मागचं चित्रच बेढब असेल तर दोष बॉक्सच्या सेटिंगचा किंवा चॅनेलचा. मग चार-पाच चॅनेल फिरवून बघा. एकाच चॅनेलवर माणसं पसरट दिसत असतील तर घरात करण्यासारखं काही नाही. लोकल केबल चॅनेलवरचे जुने सिनेमे पुष्कळदा कंट्रोल रूममधूनच ताणून सोडलेले असतात.

ऐरोली
वरची चाचणी एचडी बॉक्सला चोख लागू पडते. एसडी बॉक्सचा मेनू मात्र पुरावा धरू नका, अनेक बॉक्समध्ये तो मुळातच ४:३ पडद्यासाठी, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच अशा जुन्या टीव्हीसाठी, आखलेला असतो. त्यापेक्षा पडद्यावर गोल घड्याळ किंवा चेंडू समोरून दिसला की मोबाइलवर फोटो काढा आणि आडवं-उभं माप घ्या. आडवं माप उभ्याच्या सव्वापटीपेक्षा जास्त आलं तर ४:३ चित्र १६:९ मध्ये, म्हणजे आजच्या रुंद पडद्याच्या आकारात, ताणलं जातंय. पूर्ण ताणलं तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते.

४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेमी रुंद आणि साडेत्रेपन्न सेमी उंच असतो. त्यावर अस्सल ४:३ चित्र ७१ सेमी रुंद बसतं आणि दोन्ही बाजूंना १२-१२ सेमी काळी पट्टी उरते. हा बिघाड नव्हे! पण 'एवढा मोठा टीव्ही घेतलाय तर पूर्ण दिसायला हवं' म्हणून झूम लावला जातो, वरचं-खालचं मिळून पाव चित्र जातं आणि मग बातम्यांची खालची ओळ कुठे गेली म्हणून शोधाशोध.

नेरुळ
एचडी बॉक्स आणि एचडीएमआय (चित्र-आवाज एकत्र नेणारी) वायर असेल तर हा क्रम ठेवा.

आधी टीव्ही. सोर्स बॉक्सच्याच एचडीएमआयवर ठेवून पिक्चर साइझ १६:९ करा, कारण बरेच टीव्ही ही सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळी लक्षात ठेवतात. मग ओव्हरस्कॅन बंद करा. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर 'स्क्रीन फिट', सोनीवर डिस्प्ले एरियात 'फुल पिक्सेल'. ओव्हरस्कॅन चालू असला की चारी कडांचं थोडं थोडं चित्र पडद्याबाहेर जातं, चॅनेलचा लोगो अर्धा दिसतो तो यामुळेच.

मग बॉक्स. टीव्हीचा आकार १६:९, रिझोल्यूशन १०८०आय किंवा ७२०पी (आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी), 'ऑटो' नको. ऑटोवर एसडी चॅनेल लागला की काही बॉक्स ५७६ ओळींवर उतरतात, पडदा क्षणभर काळा होतो आणि काही टीव्ही त्या सिग्नलला वेगळा पिक्चर साइझ लावतात. एचडीवरून एसडीवर गेल्यावरच आकार बदलतो अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावर घ्या.

४:३ कार्यक्रमासाठी बॉक्समध्ये वेगळा पर्याय असेल तर 'पिलरबॉक्स' किंवा 'ओरिजिनल' निवडा. 'फुल' म्हणजे ताणणं.

नौपाडा
नेरुळशी सहमत, फक्त एक भर. आकार बदलायचं काम दोघांपैकी एकाकडेच ठेवा. चारी बाजूंची काळी चौकट दोघांच्या लुडबुडीतून येते. बॉक्सला टीव्ही ४:३ आहे असं सांगितलेलं असतं, म्हणून तो रुंद चित्राच्या वर-खाली पट्ट्या घालतो. टीव्ही ते ४:३ समजून डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या घालतो. उरतं पडद्याच्या ५६ टक्के चित्र. बॉक्स १६:९ वर आणला की काम झालं.

कळवा
एसडी बॉक्स आणि तीन रंगांची एव्ही वायर अजून पुष्कळ घरांत आहे. एव्हीतून एचडी येतच नाही, ५७६ ओळींवर मामला संपतो. ४:३ आणि १६:९ दोन्हींसाठी ओळी तेवढ्याच, फरक फक्त आकाराच्या खुणेचा. ती खूण टीव्हीपर्यंत पोचली नाही किंवा टीव्हीने वाचली नाही, तर आकार हाताने लावावा लागतो.

बऱ्याच नव्या टीव्हींना एव्हीसाठी ३.५ मिमीची एकच पिन असते. तिची जोडवायर कुठलीही उचलू नका, तिच्यातली जोडणी कंपनीगणिक बदलते. चित्र येत नाही पण गुरगुर ऐकू येते, तेव्हा पिवळी पिन लाल-पांढऱ्याच्या जागी लावून बघा.

आणि गोखले रोडवर महागडी एचडीएमआय वायर घ्यायला धावू नका. वायर खराब असेल तर ठिपके येतील, चित्र जाईल-येईल, पण माणसं जाडी होणार नाहीत.

घणसोली
एका बॉक्सवर दोन टीव्ही असतील, हॉलमध्ये एचडीएमआयने नवा आणि आत एव्हीने जुना ४:३ डबा, तर बॉक्सची आकाराची सेटिंग बहुतेक वेळा दोघांना मिळून एकच असते. १६:९ ठेवलं की डब्यावर माणसं उंच, किडकिडीत. डब्याच्या मेनूत '१६:९' किंवा 'वाइड' असेल तर तो लावा, नसेल तर हॉलचा टीव्ही सांभाळा आणि आतल्यासाठी वेगळा बॉक्स घ्या. एचडीएमआय स्प्लिटर (एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना वाटणारा जोड) वापरलात तर दुसरा भानगडीचा प्रकार: काही स्प्लिटर बॉक्सला दोनपैकी कमी क्षमतेच्या टीव्हीचीच माहिती देतात आणि मोठ्या टीव्हीवरही कमी रिझोल्यूशन येतं. स्प्लिटर काढून बॉक्स थेट जोडा, लगेच कळेल.

कोपरखैरणे
सगळं जुळवल्यावर पुन्हा बिघडलं तर दोन कारणं तपासा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही बॉक्स मूळ सेटिंगवर जातात. आणि काही रिमोटवर आकार बदलायचं वेगळं बटण असतं, चॅनेल बदलताना ते दाबलं जातं. तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की पर्याय फिरून जागेवर येतो, मेनूत शिरायचीही गरज नाही.