'एला एन्चांटेड': शाप एलाने मोडला की प्रेमाने?

रानजाई
गेल कार्सन लेव्हिन यांची १९९७ सालची ही कादंबरी सिंड्रेलाच्या गोष्टीवर बेतलेली आहे. तान्ही एला रडायची थांबेना, म्हणून लुसिंडा परी तिला आज्ञाधारकपणाचं 'वरदान' देते. तेव्हापासून कुणीही काहीही सांगो, एलाला ते करावंच लागतं. पाचव्या वाढदिवशी 'खा' म्हटल्यावर ती केक खातच सुटते. सटवाईने लिहिलेलं नशीब आपल्याला वाचता येत नाही. एलाला ते रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकावं लागतं.

माझा आक्षेप शेवटावर आहे. पुढे सावत्र बहीण होणारी हॅटी एलाच्या आईचा हार काढून घेते, शाळेतल्या अरेडाशी मैत्री तोडायला लावते. एला आतून तडफडते, पण शाप हलत नाही. तिचं प्रेम असलेल्या राजपुत्राच्या जिवावर बेतणार म्हटल्यावर मात्र मोडतो! स्वतःसाठी जमलं नाही, त्याच्यासाठी जमलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनी यातून काय घ्यायचं?

उंबरठा
अजिबात पटलं नाही. तो प्रसंग पुन्हा वाचा. 'माझ्याशी लग्न कर' हे राजपुत्राच्या लेखी आर्जव आहे, तिच्यासाठी हुकूम. आणि तिलाही मनापासून तेच हवंय! आजवर हुकूम एकीकडे आणि तिची इच्छा दुसरीकडे असायची. इथे दोन्ही एकाच बाजूला, आणि तिला दोन्हींच्या विरोधात उभं राहायचंय. कारण उद्या राणीला कुणीही राज्याचं गुपित विचारेल, नवऱ्याला मार म्हणेल. ती पुढेमागे झुलत राहते, होकार ओठांवर येतो, तो ती मागे रेटते. यात प्रेमाची मेहेरबानी कुठे दिसली तुम्हाला?

माजघर
तुम्ही दोघंही स्वयंपाकघर विसरलात. एलाच्या घरची स्वयंपाकीण मँडी म्हणते वाडगं धर. एला धरते, पण धरून स्वयंपाकघरभर फिरते! हुकूमही पाळला आणि मँडीच्या नाकी नऊही आणले. तिची मर्जी तिथूनच दिसायला लागते, शेवटाची वाट कशाला बघायची?
२००४च्या सिनेमात ती आरशासमोर स्वतःलाच आज्ञा देऊन सुटते. म्हणजे सुटायलाही आज्ञाच लागली. मला पुस्तकातला नकार कितीतरी मोठा वाटतो.

रानजाई
वाडग्याचा मुद्दा मान्य. पण मँडी स्वतः परी आहे ना? 'मोठ्या जादूचे परिणाम कुणी सांगावेत' म्हणून ती हात आखडते. लुसिंडा आज्ञाधारक होऊन जगून बघते, पस्तावते, तरी शाप काढत नाही. सगळ्या मोठ्या बायका हात झटकून मोकळ्या, आणि ओझं एका पोरीच्या डोक्यावर. ती जिंकली म्हणून टाळ्या वाजवताना याचा जाब कुणी विचारतच नाही, याचा मला राग येतो.

उंबरठा
मँडीवर रागवा, मीही रागावतो. पण तिने जादूने शाप उतरवला असता, तर तो निर्णयही दुसऱ्या कुणाचाच झाला असता. आणि 'पुरुषासाठी' म्हणताना पुढचं पान सोडू नका. शाप तुटल्यावर एलाच गुडघे टेकून राजपुत्राला मागणी घालते. लग्नानंतर राजकन्या हे बिरुद नाकारते आणि दरबारातली भाषातज्ज्ञ व स्वयंपाकघरातली मदतनीस ही दोन पदं घेते. हे सगळं तिने कुणाच्या सांगण्यावरून केलं?