जुन्या एम४२ लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरण्याबाबत

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडजवळचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत असून तिथे हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) आणि सुपर-टाकुमार (५० मिमी, एफ/१.४) अशा दोन लेन्स स्वस्तात विक्रीस आहेत. दोन्हींना एम४२ हे आट्यांचे माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग) आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० हा आरशाचा डिजिटल कॅमेरा आहे. कुस्तीच्या तालमीतला पहाटेचा सराव मला टिपायचा आहे. तिथे उजेड फारच कमी असतो आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचे एफ/५.६ अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) अपुरे पडते. या लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर नीट चालतील का? अ‍ॅडॅप्टर (म्हणजे मधली जोडणारी कडी) उद्यमनगरातून लेथवर करून घ्यावा, असे एका मित्राचे म्हणणे आहे. शिवाय टाकुमारची काच पिवळसर दिसते. तो दोष समजावा का?

काळाकॅमेरा

लेन्स बसेल, परंतु आपल्याला हवे ते काम होणार नाही, आणि त्याचे कारण अंतराच्या गणितात आहे. एम४२ लेन्स माउंटपासून ४५.४६ मिमीवर प्रतिमा पाडते, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे. म्हणजे अ‍ॅडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स एक मिलिमीटरहून थोडी जास्तच पुढे राहते आणि ५८ मिमीच्या लेन्सचा फोकस जेमतेम सव्वातीन मीटरपर्यंत पोचतो. हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या जागेच्या) पलीकडच्या कडेला उभा असलेला पैलवान कायम धूसरच दिसेल. यावर उपाय म्हणून भिंग बसवलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण त्यांतली स्वस्त भिंगे जुन्या लेन्सचा जो गुण आपण शोधत असतो तोच घालवतात. त्यातच डी५६०० या लेन्सबरोबर प्रकाशमापन करत नाही. सगळे मॅन्युअल मोडमध्ये अंदाजाने करावे लागते.

मिररलेस कॅमेऱ्यात ही अडचणच उरत नाही, कारण तिथे आरसा नसल्याने माउंट सेन्सरच्या अगदी जवळ असते. सोनी ई माउंटचे अंतर १८ मिमी आणि निकॉन झेडचे १६ मिमी आहे, त्यामुळे मधली जागा भरायला भिंगाशिवायची साधी नळी पुरते.

लेथवाला

उद्यमनगरात आमचे लेथकामच चालते, म्हणून मित्राच्या सल्ल्याबद्दल लिहितो. सोनीसाठी २७.४६ मिमी लांबीची नळी कातणे अवघड नाही. अवघड आहे ते कॅमेऱ्याकडच्या बाजूचे बायोनेट (फिरवून अडकवण्याची जोडणी), ज्याला मिलिंग लागते आणि एका नगासाठी ते परवडत नाही. लांबीत दशांश मिलिमीटर जरी जास्त गेला तरी ५८ मिमीच्या लेन्सचा फोकस ३३-३४ मीटरवर थांबतो, म्हणजे रंकाळा तलावाचा समोरचा काठ गेलाच. म्हणून बाजारातले बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड ठेवलेले असतात. आटे कोणी कातून देणार असेल तर पिच (दोन आट्यांमधले अंतर) १ मिमीच हवा, हेही सांगावे, ०.७५ मिमी पिचचे ४२ मिमी आटे टी-माउंट या वेगळ्या जोडणीचे असतात, ते दीड-दोन फेऱ्यांत अडकतात आणि मग जोर लावणारा माणूस लेन्सच खराब करतो. थोडक्यात, अ‍ॅडॅप्टर तयारच विकत घ्या.

आर्द्रा

काचेविषयी. या टाकुमारच्या काचेत थोरियम मिसळलेले आहे आणि त्याच्या किरणोत्सारामुळे ती वर्षांनुवर्षे पिवळी पडत जाते. हा बिघाड नव्हे; काही आठवडे उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्यास पिवळेपणा बराच ओसरतो. मात्र लेन्स कडक उन्हात तापू देऊ नये, ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरते. रंगाची छटा व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंग-जुळवणीने) सुधारता येते, गेलेला उजेड परत येत नाही.

मला खरी चिंता फंगसची वाटते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेली लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून दोन्ही बाजूंनी पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावी. काचेवरचा थर फंगसने खाल्ला असेल तर सफाईनंतरही डाग राहतात. धुळीचे चार कण असले तर त्यांची पर्वा करू नये. घेतल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. चामड्याचे जुने कव्हर कितीही देखणे असले तरी ते ओल धरते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. जुना मिररलेस कॅमेरा घेतल्यास सरावाचे, म्हणजे हलत्या माणसांचे फोटो मॅन्युअल फोकसने खरोखर साधतील का?

काळाकॅमेरा

मोकळेपणाने सांगायचे तर, चालू कुस्तीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. एपीएस-सी या आकाराच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्सने तीन मीटरवरून एफ/१.४ ला घेतलेल्या फोटोत जेमतेम २० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डाव पडायच्या आत फोकस पुढे-मागे करणे कठीण जाते. त्या कामासाठी आपल्या डी५६००साठीच निकॉनची ५० मिमी एफ/१.८ जी ही लेन्स सेकंडहँड घ्यावी. तिला ऑटोफोकस आहे आणि किट लेन्सच्या एफ/५.६पेक्षा जवळपास दहापट उजेड मिळतो.

जुन्या लेन्सचे काम वेगळे आहे. जोर-बैठका संपवून भिंतीला टेकलेला पैलवान किंवा माती अंगाला लावणारे हात, असे स्थिर विषय हेलिओसने उत्तम येतात, आणि मागे झाडांची पाने असली की पार्श्वभूमीला जी चक्राकार घडण येते ती नव्या लेन्समध्ये सहसा मिळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यात फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू ठेवावे, पण डोळ्यावर फोकस करताना प्रतिमा मोठी करून पाहावी, कारण पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला पीकिंग फसवते. सोनी घेतल्यास मेनूतील ‘लेन्सविना शटर’ची परवानगी सुरू करावी लागते. कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असल्यास फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) स्वतः भरावी. टाकुमारवरचा खटका ‘एम’वर ठेवावा, नाहीतर अ‍ॅपर्चर उघडेच राहते, हेलिओस ४४-२ला असा खटका नाही, तिच्यावर अ‍ॅपर्चरसाठी दोन कडी आहेत.

दोन्हींतली एकच परवडणार असेल, तर टॉर्चखाली जिची काच स्वच्छ दिसेल ती घ्यावी.