सोलापूरहून पोर्ट ब्लेअर: नेव्हीची पोस्टिंग, संसार कसा हलवायचा?

विडीघरकुल_१३

नमस्कार मंडळी. मिस्टर नेव्हीत पेटी ऑफिसर आहेत, पोस्टिंग अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आताचं नाव श्री विजयपुरम) निघाली आहे. ते मे अखेरीस हजर होतील. क्वार्टर मिळाला की जूनच्या मध्याला मी, पाचवीत जाणारा मुलगा आणि सासूबाई निघणार. दोनेक वर्षं धरून चाललो आहोत. सोलापूरबाहेर संसार मांडायची ही पहिलीच वेळ.

घरातलं काय न्यायचं आणि काय इथंच ठेवायचं? आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरी लागते, तिकडे ज्वारी मिळते का, की इथून पीठ न्यायचं? स्कूटर एमएच १३ पासिंगची, सहा वर्षांची आहे. नेऊ की विकू? मुलगा सेमी-इंग्लिशला आहे, त्याच्या शाळेचं कसं? सासूबाईंना बीपी आणि संधिवात आहे. आणि पाण्याचं काय, इथल्यासारखं चार दिवसांआड येतं का? फिरायला जाऊन आलेल्यांचे भरपूर व्हिडिओ बघितले, पण त्यात फक्त बीच दिसतात, मोरी कुणी दाखवत नाही.

माळढोक_ते_मिनीबे

ताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरून ठरेल. तिथला शत्रू उकाडा नाही, ओल आहे. पारा २३ ते ३१ च्या आतच फिरतो, आपल्या एप्रिल-मेपुढे ते काहीच नाही. पण पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, म्हणजे सोलापूरच्या चौपट, आणि तोही दोनदा: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून नैऋत्य मोसमी, मग ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. खरा कोरडा काळ जानेवारी ते एप्रिल. तुम्ही जूनमध्ये जाताय म्हणजे ऐन ओलीत घर मांडणार.

म्हणून प्लायवूडचं आणि भुशाच्या बोर्डाचं फर्निचर नेऊ नका. ते फुगतं, कडा सुटतात, मागच्या बाजूला पांढरी-हिरवी बुरशी धरते. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट चालतं, फक्त भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचं. मागून वारा फिरला नाही तर भिंतीची ओल थेट कपड्यांत येते.

कपाटात सिलिका जेल ठेवा, सुटं, निळं मिळतं ते. एका कपाटाला पाव किलो, सुती पिशव्यांत भरून. गुलाबी झालं की ओल पिऊन तुंब झालं. मग जुन्या कढईत मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून परतायचं. पुन्हा निळं झालं की परत कपाटात. ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरायची नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. पावसाळ्यात हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्तीही चालते, पण बल्ब तारेचाच हवा, १५ वॅटचा पुरे, आणि कपड्यांपासून वीतभर लांब. एलईडी लावून उपयोग नाही, त्याची ऊबच पडत नाही.

आता चादरी. सोलापूरचा माणूस सहा चादरी घेतल्याशिवाय घर सोडत नाही, पण इथं हात आखडा. जाड चादर जुलैत धुतली तर तीन दिवस वाळत नाही, चौथ्या दिवशी कुबट वास मारते. आपले टेरी टॉवेलही तसेच, जितके जाड तितके वाईट. माणशी तीन पंचे किंवा पातळ टॉवेल, अंथरायला सुती पलंगपोस, पांघरायला एकच पातळ चादर. (जाड चादर पडद्याला लावायची कल्पना डोक्यात आली असेल तर तीही काढून टाका.)

इरकल, पैठणी, जरीचं काहीही इथंच ठेवा. खाऱ्या दमट हवेत जरीची तार काळी पडते आणि रेशमावर ठिपके येतात, ते परत जात नाहीत. सोलापूरच्या कोरड्या हवेसारखं कपाट त्यांना दुसरीकडे मिळायचं नाही. चामड्याचे बूट, पट्टे, पर्स यांचंही तेच. मुलाला शाळेचे बूट कॅनव्हासचे, दोन जोड, म्हणजे एक पायात आणि एक वाळत.

पाणी. एवढा पाऊस पडूनही तिथं पाणी जपून वापरावं लागतं. डोंगराळ बेट आहे, पडलेलं पाणी तासाभरात समुद्रात जातं. शहराची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर, आणि फेब्रुवारी ते एप्रिल ते आटत येतं. तेव्हा शहरात पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. क्वार्टरला एमईएसचं (लष्कराच्या बांधकाम विभागाचं) पाणी वेळेवर सुटतं, पण उन्हाळ्यात वेळ कमी होते. तुमचे झाकणाचे पिंप आणि पाणी भरायची सवय दोन्ही घेऊन जा, उजनीच्या पाण्यावर वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. फक्त झाकण घट्ट हवं. डासांमुळे तिथं उघड्या पिंपाला माफी नाही.

आणि घड्याळ. वेळ भारतीयच, पण सूर्य सोलापूरच्या तासाहून जास्त आधी उगवतो. जूनमध्ये पाचला लख्ख उजेड आणि पावणेसहाला सूर्य बुडालेला. नोव्हेंबरात तर पाचच्या आतच मावळतो. मुलाचं खेळणं साडेतीन ते पाच या वेळात बसवा. 'संध्याकाळी सातला मैदानावर' हा हिशोब तिथं चालत नाही. पहिले दोन-तीन आठवडे सगळे रात्री आठलाच पेंगतात, तसंच पेंगू द्या आणि पहाटे उठा.

कडक_भाकरी

ज्वारीपुरतं बोलतो. बेटावर भात आणि मासळी चालते, गव्हाचं पीठ सगळीकडे मिळतं. आपली मालदांडी ज्वारी मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पीठ अजिबात नेऊ नका. दळल्यावर पंधरा दिवसांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते, दमट हवेत त्याहून लवकर. मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि वर कडवट लागते. ज्वारीच न्या. हिशोब असा: किलोभर पिठात दहा-बारा भाकरी, तुमच्या घरी दिवसाला सहा-सात लागतात असं धरलं तर महिन्याला अठरा-वीस किलो. तीन महिन्यांची साठेक किलो सामानाबरोबर बोटीने पाठवा, पुढची कुणी येता-जाता.

पाठवण्याआधी एप्रिलच्या उन्हात, गच्चीवर तीन दिवस पातळ पसरून वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ओल आहे. संध्याकाळी गोळा करून लगेच भरू नका. गरम दाणा डब्यात घाम सोडतो, आणि बुरशी तिथूनच लागते. रात्रभर कापडाखाली थंड होऊ द्या, सकाळी भरा. भरायला पोतं नको. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या धुऊन खडखडीत वाळवा, एकीत साधारण दीड किलो बसते. तोंडापर्यंत आपटून आपटून भरा, झाकण घट्ट लावा, आत हवा जितकी कमी तितका किडा कमी जगतो. शिवाय एक बाटली बिघडली तरी बाकीच्या वाचतात. पोत्याला ओल लागली तर सगळंच गेलं.

दळण घरघंटीवर, आठ दिवसांचंच. विरी गेलेलं पीठ हाताशी आलंच तर उकळीचं पाणी घालून लाकडी उलथन्याने मळायला घ्या, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग थापा. पूर्ण सुधारत नाही, पण फाटत तरी नाही.

शेंगाचटणी न्या, मात्र लसूण ओला घालू नका. पाकळ्या चिरून दोन दिवस उन्हात वाळवा, मग शेंगदाण्याबरोबर कुटा. ओल्या लसणाची चटणी तिथं बाहेर ठेवली तर महिना निघत नाही. पाव-पाव किलोच्या पुड्या करून फ्रीजरला टाका.

कडक भाकरी तिथं सादळते. डबा उघडून अर्धा तास ठेवला तरी रबरासारखी होते. फेकू नका, मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवा आणि गार होऊ द्या. गार झाल्यावर परत कडकडते. तव्यावरून आठवलं, लोखंडी तवा धुऊन ठेवला की सकाळी तांबडा. धुतल्यावर गॅसवर कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं.

गॅरेज_विजापूरवेस

स्कूटर सहा वर्षांची असेल तर विका. नेता येत नाही असं नाही, पण हिशोब बसत नाही. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी सोलापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत. तिथं पुन्हा टॅक्स, आणि इथल्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागत बसायचं. वर बोटीचं भाडं.

पुढे नवीन घ्यायची असेल तर मिस्टरांच्या नावावर बीएच सिरीजमध्ये घ्या. संरक्षण दलातल्यांना ती मिळते, आणि पुढच्या पोस्टिंगला नंबर बदलायची भानगड राहत नाही.

तरीही न्यायचीच असेल तर पेट्रोल पूर्ण काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून, वायरीच्या टोकाला टेप लावून क्रेटमध्ये द्या. खालच्या पत्र्याला अँटीरस्ट कोटिंग इथंच मारून घ्या. तिथं गंज वरून दिसत नाही. आधी सायलेन्सरचा खालचा जोड, स्टँडची स्प्रिंग आणि ब्रेक केबलची टोकं खाल्ली जातात. केबल जड लागायला लागली की तेल सोडत बसू नका, बदला. समुद्राकाठी उभी केलेल्या दिवशी घरी येऊन बादलीभर गोड्या पाण्याने खालून धुवायची.

घरघंटीबद्दल एक. बेटावरची वीज बहुतेक डिझेल जनरेटरची, व्होल्टेज वरखाली होतं. एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते, त्यामुळे फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर घरघंटी लावलीत तर तो जळेल. दिवे मंद दिसत असतील तेव्हा दळण लावू नका. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जातं.

विडीघरकुल_१३

बाप रे, चादरीचं बरं झालं सांगितलंत, आठ बांधून ठेवल्या होत्या! शाळा आणि सासूबाईंचं कुणी सांगेल का? आणि भूकंपाचं. सासूबाई किल्लारीच्या वेळी लातूरकडे होत्या, 'त्सुनामी'चं नाव काढलं की त्या नकोच म्हणतात.

माळढोक_ते_मिनीबे

शाळेचा दाखला आत्ताच हलवा. राज्याबाहेर जाताना दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, आणि मे महिन्यात शाळेचं ऑफिस बंद असतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात दाखला घ्या, सही करून आणा. पोस्टिंग ऑर्डरची प्रत, सर्व्हिस सर्टिफिकेट, आधार, गुणपत्रक, सगळ्याच्या चार-चार प्रती. केंद्रीय विद्यालय आहे, नेव्ही चिल्ड्रन स्कूलही आहे. दोन्हीकडे अर्ज टाका.

तिथलं सत्र एप्रिलला सुरू होतं, म्हणजे मुलगा थोडा मागे पडणार. सेमीचा असल्यामुळे गणित-विज्ञान जड जायचं नाही. जड जाणार हिंदी, कारण बेटावर बंगाली, तमिळ, तेलुगू सगळे एकमेकांशी हिंदीतच बोलतात आणि पोरं मैदानावरही. परिसर अभ्यास इंग्रजीत असेल, त्याचे शब्द मे महिन्यात रोज दहा करून घ्या. मराठी सुटेल, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्या उतरवून ठेवा.

सासूबाईंचं नाव डिपेंडंट म्हणून सर्व्हिस रेकॉर्डला चढलंय का, हे निघण्याआधी बघा. ते असेल तरच नेव्हीच्या आयएनएचएस धन्वंतरी हॉस्पिटलचा उपयोग. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या हाताशी ठेवा, खराब हवेत बोटी आणि विमानं दोन्ही अडतात. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच राहू द्या, आठवड्याच्या डबीत काढून ठेवल्या तर ओल धरतात. दुखऱ्या गुडघ्याला कोरडी ऊब बरी, तिथं क्वार्टर चढावर असतात म्हणून तळमजला मागून बघा.

ताप आला तर दोन दिवस वाट बघू नका. डेंग्यू-मलेरियाखेरीज तिथं लेप्टोस्पायरोसिस जुना आहे, उंदरांच्या मुतातून, चिखलातून येतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात जायचं नाही, आणि डॉक्टरला चिखलात गेलो होतो हे आपणहून सांगायचं. आणि घोण: तिथली चांगली वीतभर असते. विंचवासाठी आपण चप्पल झटकतो तशीच झटकायची.

जुना_सिग्नलमन

भूकंपाचं मी सांगतो. अंदमान भूकंपाच्या सर्वांत वरच्या झोनमध्ये आहे, तेव्हा छोटे हादरे बसणारच. किल्लारीत १९९३ ला दगड-मातीची घरं रात्री माणसांवर कोसळली, तिथली भीती घराची होती. बेटावर भीती घरानंतरची. २६ डिसेंबर २००४ ला निकोबारला पहिली लाट हादऱ्यानंतर थोड्याच वेळात आली.

नियम सोपा: उभं राहणं कठीण होईल इतका हलला, किंवा हादरा २०-३० सेकंदांहून लांबला, तर थांबल्यावर थेट चढावर. सायरनची, मेसेजची वाट बघायची नाही. हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्रमाहिती केंद्रातून २००७ पासून इशारे मिळतात, पण उगम जवळ असेल तर पाय इशाऱ्याच्या आधी हलले पाहिजेत. समुद्र मागे गेलेला दिसला तर तो बघायला खाली उतरायचं नाही. पहिल्या लाटेनंतरही तासन्‌तास खाली यायचं नाही, नंतरच्या लाटा मोठ्या असू शकतात. पहिल्याच रविवारी सासूबाईंना घेऊन क्वार्टरपासून वरच्या जागेपर्यंत चालून बघा, घड्याळ लावून. त्यांच्या पायाला किती मिनिटं लागतात ते कळलं की त्यांची भीती निम्मी होईल. दाराशी एक पिशवी: टॉर्च, पाणी, गोळ्या, कागदपत्रांच्या प्रती, शिट्टी.

मोबाईलचं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० पासून चालू आहे, पोर्ट ब्लेअरमध्ये व्हिडिओ कॉल होतो. मिस्टर पुढे निकोबारमधल्या कामोर्टा किंवा कॅम्पबेल बेकडे गेले तर त्यांच्याकडे बीएसएनएलचं सिम असू द्या. आणि ते सेलिंगला असताना 'बोट कुठं आहे, कधी येणार' हे व्हॉट्सॲपवर माहेरीसुद्धा लिहायचं नाही.

कडक_भाकरी

प्रवासाचं राहिलं. सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी, तिथून विमान सव्वादोन तासांचं. जूनमध्ये ढगांमुळे विमान मागे फिरतं, म्हणून चेन्नईत एक दिवस मोकळा धरा आणि सकाळचंच विमान घ्या. चटणी आणि काळं तिखट चेक-इनच्या बॅगेत घाला, तिखट केबिनमध्ये अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नको, तेलकट असल्यामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात धरतात. नारळ तिथं दारात पडलेले असतात, खोबरं तिथंच वाळवा. जानेवारीनंतर, पावसाळ्यात नाही.