नॉनस्टिकचा तवा काढायचाय, घावन-डोशाला काय घेऊ?

अनगोळची आई
नमस्कार. गेल्या आठवड्यात डोशाचा तवा तापत ठेवला आणि दारात कुणी आलं म्हणून बाहेर गेले. बोलण्यात वेळ गेला. परत येते तर रिकाम्या तव्यातून धूर आणि घरभर उग्र वास. मधोमध रुपयाएवढं कोटिंग उडालंय, खालचं पांढरं ॲल्युमिनियम दिसतंय आणि कडेच्या पापड्या नखानं निघतात. तीन वर्षांची लेक याच तव्यावरचं घावन रोज खाते, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. घेताना दुकानदारानं ‘ग्रॅनाइटचा आहे, केमिकल नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. भाकरीला लोखंडी तवा आहेच. घावन, डोसा, ऑम्लेट यांना काय घेऊ? सासूबाईंचं मनगट दुखतं, फार जड उचलवत नाही. आणि पापड्या पोटात गेल्या असतील तर?

निपाणीची विज्ञान शिक्षिका
पापड्यांची काळजी सोडा. ते पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. पोटात पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. जपायचं ते आचेला. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे कोटिंग खराब व्हायला लागतं, ३५० च्या आसपास त्यातून विषारी वायू निघतात. माणसाला फ्लूसारखा थंडीताप येतो आणि पिंजऱ्यातली पाखरं तर मरतातच. शेजारी कुणाकडे लव्हबर्ड्स असतील तर त्यांनाही सांगा. पीठ घातलं की त्यातल्या पाण्यामुळे तवा तेवढा तापत नाही. मोठ्या आचेवर रिकामा ठेवला की मात्र काही मिनिटांत तिथवर जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर १७० अंशांपासूनच सावध केलंय.

कर्करोगाबद्दल वाचता ते पीएफओए. हे टेफ्लॉन बनवताना वापरायचं वेगळं रसायन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ च्या अखेरीस ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तयार तव्यात ते जवळपास उरत नाही. भोगलं ते कारखान्याशेजारच्या लोकांनी. अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या आसपास ते पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं आणि तिथल्या तपासणीत मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्याशी संबंध दिसला. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला. म्हणून डब्यावर ‘पीएफओए फ्री’ लिहिलेलं असलं तरी आत टेफ्लॉन असतंच. ग्रॅनाइट म्हणतात तेही बहुतेक वेळा ठिपके मारलेलं तेच कोटिंग. तुमचा तवा मात्र आता काढाच.

उद्यमबाग, फाउंड्रीत २६ वर्षं
वहिनी, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा घ्या की हो. आपलं बेळगाव फाउंड्रीचं, बिडाला काय घाबरायचं? नवा तवा गरम पाण्यानं, साबणानं घासा, वरचं तेल निघू दे. पुसून लगेच गॅसवर सुकवा. मग गोडेतेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा, गार करा, परत तेच. चार-पाच वेळा करा. तेल जास्त झालं की चिकट थर बसतो, तिथंच लोक चुकतात. पहिले आठ दिवस त्यावर फक्त घावन करा. दर घावनाआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. पीठ सुटायला लागलं की समजा तवा मुरला.

दोन गोष्टी सांभाळा. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. आणि हातातून फरशीवर पडला तर सरळ दोन तुकडे, बीड वाकत नाही. मनगट दुखत असेल तर पत्र्याचा लोखंडी तवा घ्या, वजन निम्म्याहून कमी आणि मुरवायची रीत तीच. फक्त मंद आचेवर तापवा, नाहीतर मध्ये जळतं आणि कडेला कच्चं राहतं.

खानापूरची सून
लोखंडात आमसूल, चिंच, टोमॅटो नको हं. रस्सा काळा पडतो, चव धातूची येते. आमटीला मी खानापूरचं मातीचं मडकं वापरते. इथं कुंभारकाम जुनं आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. बोटानं टिचकी मारून खणखणीत वाजतं तेच घ्यायचं. बद्द वाजलं तर चीर असते. रंग किंवा चकचकीत झिलई असलेलं स्वयंपाकाला नको, झिलईत शिसं असू शकतं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा बारीक आचेवर नुसती पेज शिजवा. माझं पहिलं मडकं घाईनं मोठ्या गॅसवर ठेवलं आणि फुटलं, आमटी सगळी शेगडीवर.

अनगोळची आई
सगळ्यांचे आभार. तवा काल भंगारात दिला. पत्र्याचा लोखंडी आणलाय, तीन हात तेलाचे झालेत, मध्ये काळा झाला पण कडा अजून करड्याच आहेत. एक राहिलं. माझ्या भाच्याला थॅलेसेमिया आहे, तो सुट्टीत आमच्याकडे असतो. त्याचं जेवण लोखंडात चालेल का?

निपाणीची विज्ञान शिक्षिका
बरं झालं विचारलंत. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार. त्याला वारंवार रक्त चढवत असतील तर अंगात लोह आधीच साठतं, त्यात लोखंडी तव्यातून जेवणात उतरणाऱ्या लोहाची भर नको. त्याच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत त्याचं स्टीलमध्ये करा. स्टीलचा तवा आधी तापवा, पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा पळायला लागला की तेल सोडा आणि मग अंडं फोडा, चिकटणार नाही. डोसा मात्र स्टीलवर धड निघत नाही. त्याला इडलीच करा.